प्रतिकारशक्ती ही कोणाची कमाई?

कोविडनंतर 'इम्युनिटी' हा शब्द आपण बँक बॅलन्ससारखा वापरू लागलो. अमक्याची चांगली आहे, तमक्याची कमी पडली, काढा पिऊन वाढवली, जागरणं करून घालवली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे 'चार वर्षांत एकही सिक लीव्ह नाही' हे वाक्य पदकासारखं मिरवलं जातं. तब्येत ही ज्याची त्याची कमाई, असं त्यामागचं गृहीतक. हे एकदा मान्य केलं की त्याची दुसरी बाजूही गुपचूप मान्य होते: जो सारखा आजारी पडतो, त्याचंच काहीतरी चुकलं असणार. करावे तसे भरावे.

हे खरं आहे का?

१९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाची केस प्रसिद्ध केली. त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया व्हायचा, रक्तात जंतुसंसर्ग व्हायचा. ब्रूटन यांनी त्याच्या रक्तातली प्रथिनं तपासली, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिन हा भाग दिसलाच नाही. अँटीबॉडी असतात त्या याच भागात. इतरांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन नियमित टोचायला सुरुवात केल्यावर मुलाचे आजार आटोक्यात आले. या आजारामागचा जनुकीय बिघाड १९९३ मध्ये सापडला. तो मुलगा काय खात होता, किती वाजता झोपत होता, याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

असे सगळेच रुग्ण लहानपणी सापडत नाहीत. कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे सीव्हीआयडी, हा अँटीबॉडीच्या कमतरतेचा प्रकार बऱ्याचदा मोठेपणी लक्षात येतो. तोवर माणूस वर्षानुवर्षं 'छातीचा त्रास आहे' एवढंच सांगत असतो. दरम्यान फुफ्फुसात एक चक्र सुरू होतं. संसर्ग होतो, सूज येते, श्वासनलिकांच्या भिंती कमकुवत होऊन नलिका रुंदावतात, त्यांत कफ साचतो आणि साचलेल्या कफात पुन्हा जंतू वाढतात. याला ब्राँकायक्टेसिस म्हणतात. मोठ्या माणसात अशा रुंदावलेल्या नलिका सहसा पूर्ववत होत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये सीव्हीआयडीच्या ४७३ रुग्णांच्या चार दशकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, फुफ्फुसाचा जुनाट आजार जडलेले रुग्ण इतरांपेक्षा कमी जगले.

भारतात हे ओळखणं आणखी अवघड आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ब्राँकायक्टेसिस नोंदणीत २,१९५ रुग्ण होते आणि सर्वांत मोठं कारण होतं जुना टीबी, ३५.५ टक्के. त्यामुळे टीबी, सिगारेट, चूल, धूळ यांपैकी एखादं उत्तर कायम हाताशी असतं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. तरीही २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना ब्राँकायक्टेसिसच्या नव्या प्रौढ रुग्णात आयजीजी, आयजीए आणि आयजीएम या अँटीबॉडी मोजायला सांगतात. त्यासाठी लागते साधी रक्ततपासणी.

आमच्या कामात 'युजर एरर' लिहून तिकीट बंद करता येतं. बग मात्र तिथेच राहतो. आजाऱ्याला दोष दिला की असंच होतं, कारण शोधायची गरज संपते. 'सिगारेट ओढता का?' हे डॉक्टरांनी विचारायलाच हवं, पण तिथून चौकशी सुरू होते. आपण घरात आणि ऑफिसात तोच प्रश्न निकाल म्हणून ऐकवतो.

इथे एक सोपी पळवाट आहे: जन्मजात कमतरता असलेले बिचारे निर्दोष, बाकीचे आपल्या कर्माने. मला ही वाटणी पटत नाही. सीओपीडीच्या अभ्यासांत दिसलं आहे की ज्यांचं आयजीजी कमी, त्यांचा आजार जास्त वेळा बळावतो. त्यांतल्या अनेकांनी सिगारेट ओढलेली असते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही आयजीजी घटू शकतं. म्हणजे सवय, नशीब आणि उपचारांचा परिणाम एकाच छातीत असू शकतात. कोणाचा वाटा किती, हे कोण ठरवणार? १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी 'मॉरल लक'चा प्रश्न मांडला होता: जे आपल्या हातात नाही, त्यावरूनही आपण माणसांना चांगलं-वाईट ठरवतो. दोन मित्र सारख्याच सिगारेटी ओढतात, एकाचं फुफ्फुस टिकतं, दुसऱ्याचं नाही, आणि बेजबाबदार ठरतो फक्त दुसरा.

मग जबाबदारी काहीच नाही? आहे. सिगारेट सोडली तर पुढची झीज मंदावते, म्हणून सोडायला सांगायलाच हवं. पण ते उद्यासाठी सांगायचं असतं. उपचाराला कोण लायक आहे हे ठरवायची फूटपट्टी म्हणून नव्हे.

उपचाराचीच गोष्ट घ्या. अँटीबॉडीच्या गंभीर कमतरतेवर आजही मुख्य औषध आहे इम्युनोग्लोब्युलिन. ते हजार किंवा त्याहून जास्त दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनतं. किलोमागे ४०० मिलिग्रॅम धरलं तर ६० किलोच्या माणसाला एका वेळी २४ ग्रॅम लागतं. आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं, त्यामुळे हा डोस साधारण दर महिन्याला, बहुतेकांना जन्मभर घ्यावा लागतो. खर्च मोठा आहे. भारताच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात काही जन्मजात प्रकारांसाठी हा उपचार धरलेला आहे. यावर 'माझ्या करातून का?' असं विचारणारे भेटतात.

त्यांना मी एवढंच आठवण करून देईन की आपण सगळे याच औषधावर वाढलो आहोत. गर्भात असताना आईचं आयजीजी नाळेतून आपल्याकडे आलं. जन्मानंतरचे पहिले काही महिने, स्वतःच्या अँटीबॉडी पुरेशा तयार होईपर्यंत, तिच्याच अँटीबॉडींनी आपल्याला सांभाळलं. त्यासाठी आपण काढा प्यायलो नव्हतो की पहाटे उठलो नव्हतो. प्रतिकारशक्तीची सुरुवातच उसनवारीने होते. आपल्यातल्या काहींना ती आयुष्यभर उसनी घ्यावी लागते, एवढाच फरक. त्यांच्यासाठी प्लाझ्मा किंवा पैसा देणं याला मी दान म्हणणार नाही. जुनं उसनं आपण फेडतो आहोत, फक्त वेगळ्या पत्त्यावर.