आधी गावातली गटारं पायी फिरून या

अहवाल परत न्या. एकाही गटाचा अहवाल मी स्वीकारलेला नाही. का नाही, ते सगळ्यांनी नीट ऐका.

चाळीस हजार वस्तीच्या गावासाठी सांडपाणी शुद्धीकरणाची पद्धत निवडायची होती. सहापैकी पाच गटांनी एसबीआर नाहीतर एमबीआर निवडलं. कारणंही सगळ्यांची तीच. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचं माप, लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली, जागा कमी, सगळं काम आपोआप. ही वाक्यं मी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत वाचलेली आहेत. अहवालात तुमचं स्वतःचं काय आहे ते मला दाखवा. एसबीआरला तुम्ही ‘अत्याधुनिक’ म्हटलंय. टाकी भरायची, हवा द्यायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं, हे आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये करून दाखवलं होतं. झडपा संगणकावर चालायला लागल्या, एवढाच फरक. चौथ्या वर्षाला शिकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं.

गुणाकार तुमचा बरोबर आहे. माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे दिवसाला ४.३२ दशलक्ष लिटर (एमएलडी). पण हे पाणी केंद्रापर्यंत येणार कसं? त्या गावात भूमिगत गटार नाही. संडासाचं पाणी घरामागच्या टाकीत, टाकीतून वाहून निघालेलं उघड्या गटारात, गटार नाल्यात. टाकी तुंबली की उपसणारी गाडी येते आणि मैला कुठेतरी ओतून जाते. एकाही अहवालात या टाक्यांचा उल्लेख नाही. गटारांचं जाळं टाकायला केंद्राहून कितीतरी जास्त पैसा लागतो. ते टाकल्यावर घरजोडण्या व्हायला आणखी वर्षं जातात. तोपर्यंत तुमच्या केंद्रातल्या जिवाणूंना खायला काय मिळणार?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१चा आढावा वर्गात वाचून घेतला होता. त्यानुसार देशातल्या शहरांत ७२,३६८ एमएलडी मैलापाणी तयार होत होतं. उभारलेली क्षमता होती ३१,८४१. प्रत्यक्षात शुद्ध होत होतं २०,२३५. म्हणजे बांधून ठेवलेल्या क्षमतेतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वापरातच नव्हता. हा आकडा वाचल्यावर तुम्हाला एकही प्रश्न पडला नाही, याचा मला खरा राग आहे.

गंगा कृती योजनेत हे घडून गेलंय. १९८६ पासून काठावरच्या शहरांत केंद्रं उभी राहिली. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की मैला थेट नदीत. तुमच्या अहवालात हवा देणाऱ्या ब्लोअरचा खर्च आहे, पण वीजबिल नगरपरिषद कुठल्या पैशातून भरणार, याबद्दल एक ओळ नाही. एमबीआरमधली पाणी गाळणारी मेम्ब्रेन काही वर्षांनी बदलावी लागते. तिची किंमत कुठे मांडलीय? रोजचा गाळ कोण वाळवणार, कुठे नेणार? रात्रपाळीच्या ऑपरेटरला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला कोण शिकवणार?

तलावांचा प्रस्ताव देणाऱ्या सहाव्या गटाने मान ताठ करायचं कारण नाही. आपल्या उन्हात स्थिरीकरण तलाव उत्तम चालतात हे खरं. वीज जवळजवळ लागत नाही, आणि जंतांची अंडी तळाशी बसतात. नाल्याचं पाणी उचलून भाजी पिकवणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण दर एमएलडीला साधारण एक हेक्टर धरा. चार-पाच हेक्टर जमीन गावाजवळ कोणाची आहे, कोण देणार? ‘नैसर्गिक पद्धत’ एवढं लिहून काम संपत नाही.

योग्य म्हणून आणलेली पद्धतही कशी फसते, हे जाजमऊला बघा. यूएएसबी ही लेटिंगांनी नेदरलँड्समध्ये विकसित केलेली पद्धत. हवा द्यावी लागत नाही, वर बायोगॅस मिळतो, आणि उबदार हवेत ती चांगली चालते. डच मदतीने कानपूरच्या जाजमऊमध्ये ३६ एमएलडीचं केंद्र झालं, त्यात २७ भाग घरगुती मैलापाणी आणि ९ भाग चामडं कमावणाऱ्या कारखान्यांचं. कारखान्यांच्या पाण्यात सल्फेट आणि क्रोमियम. सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो, तो लोखंड आणि काँक्रीट दोन्ही खातो. क्रोमियम गाळात साठतं आणि शेतात टाकण्याजोगा गाळ धोक्याचा होऊन बसतो. दोष पद्धतीत नव्हता. आत येणाऱ्या पाण्यात होता, आणि ते पाणी कारखान्याच्या दारातच अडवायला हवं होतं. तुमच्या गावातही गुरांचा बाजार आहे, दूध संघ आहे. त्यांचं पाणी कोणी तपासलं?

आणि वाई इथून दूर नाही. सुमारे ३६,००० वस्तीचं गाव, तुमच्या गावाएवढंच. तिथे नगरपरिषदेने टाक्या तुंबायची वाट न बघता ठरलेल्या वेळापत्रकाने उपसायला घेतल्या आणि त्या मैल्यासाठी वेगळं केंद्र चालवलं. सिन्नरनेही तोच मार्ग धरला. सगळ्या गावांना हेच लागू पडेल असं मी म्हणत नाही. न्हाणी-मोरीचं पाणी त्यानंतरही उरतंच, त्याची वेगळी सोय करावी लागते. पण हा पर्याय तपासलासुद्धा नाही, हे मी चालवून घेणार नाही.

तुम्ही उद्या कुठल्यातरी कार्यालयात बसून असेच प्रस्ताव लिहाल, त्यावर कोणीतरी सही करेल आणि नाल्याखालच्या वस्तीतली लहान मुलं जुलाबाने आजारी पडत राहतील. म्हणून आज बोलतोय.

गावात जा. गटारं पायी फिरा. टाक्या किती, शेवटच्या कधी उपसल्या, ते घरोघर विचारा. नाल्याचा प्रवाह पहाटे, दुपारी आणि रात्री मोजा. पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती महिने थकलंय ते लेखापालाकडून घ्या. गावात मोटार दुरुस्त करणारा माणूस कोण आहे, तो शोधून काढा. ही माहिती पहिल्या पानावर आणि पद्धतीचं नाव शेवटच्या पानावर असेल, तरच अहवाल माझ्या टेबलावर ठेवा.