पापण्या, नखे आणि तुळशीची माळ

सज्जनहो, हात दिले ते टाळीसाठी आणि सेवेसाठी, डोळे दिले ते दर्शनासाठी, हे आपण कीर्तनात नित्य ऐकतो. पण हल्ली बोटांच्या टोकाला आणि डोळ्यांच्या काठाला एक नवी वस्तू येऊन बसली आहे. चिकटवलेल्या पापण्या आणि वरून लावलेली लांब नखे! विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्यामुळे आजी आणि नात यांच्यात अबोला पडतो तो विषय क्षुल्लक कसा म्हणावा? म्हणून आज आम्ही त्याचेच निरूपण करीत आहो.

पाचगणीस सप्ताहात आमची सेवा झाली, तेव्हा भिलारकडच्या एका वृद्ध माउलीने विचारले, "महाराज, नात म्हणती मला माळ घाला. पर तिची नखं बघा, बोटभर! पापण्या बी इकत आणल्यात. अशा पोरीच्या गळ्यात माळ घालायची का?" नात तिथल्याच एका हॉटेलात कामाला. ती मागे खाली मान घालून उभी होती. मंडळींतून दोघेतिघे म्हणाले, "आधी नखं काढ, मग माळ." प्रश्न माळेचा होता, म्हणजे एका जिवाला पंढरीची वाट उघडायची की अडवायची, याचा होता.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. कोणी म्हणेल, नटणे हेच पाप. हे आम्हांस मान्य नाही. पंढरीरायाच्या कानी मकरकुंडले आहेत, कंठी कौस्तुभ आहे. नित्य त्याला पोशाख होतो, रखुमाईला अलंकार चढतात. जनाबाईची वेणी देवाने घातली, ही कथा आपणच रंगवून सांगतो ना? ज्यांचा देवच नटतो त्यांनी लेकीबाळींच्या नटण्याकडे वाकडे पाहू नये. तेव्हा नटली का, हा प्रश्न नव्हे. नटण्याने काय अडते, एवढेच पाहावे.

आता डोळ्यांचे पाहू. भागवताच्या दशमस्कंधात, एकतिसाव्या अध्यायात, गोपी ब्रह्मदेवाला मूर्ख ठरवतात. का? तर त्याने डोळ्यांना पापण्या केल्या म्हणून! कृष्णमुख पाहताना पापणी लवते, तेवढा क्षण दर्शन चुकते, तेही त्यांना सोसत नाही. आणि आपण काय करतो? देवाने दिलेल्या पापणीवर दुसरी पापणी बसवतो! दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहावे, तेव्हा देवापुढे पळभर थांबायला मिळते. त्या पळात जड पापणी आड येत असेल, तर नुकसान कोणाचे?

दुसरे असे, शास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितले, त्यांत अश्रू हा एक. चिकटवलेल्या पापणीला पाणी सोसत नाही, डिंक सुटतो. मग डोळा भरून आला की बाई आधी पापणी सांभाळते. बरं का मंडळी, ज्या शृंगारासाठी विठ्ठलापुढे रडे आवरावे लागते, तो शृंगार फार महाग पडला. शिवाय तो डिंक कोणाकोणाला बाधतो, डोळे चुरचुरतात, कडा सुजतात.

तिसरी गोष्ट माळकऱ्यांनी नीट ऐकावी. या पापण्या काही कृत्रिम धाग्याच्या असतात, काही माणसाच्या केसांच्या, आणि काही मिंक नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या केसांच्या. हे प्राणी कातड्यासाठी पिंजऱ्यात वाढवतात. गळ्यात माळ, मुखी मांस वर्ज्य, आणि कोंडलेल्या जिवाचे केस डोळ्यांवर, हे जुळत नाही. अशी पापणी माळकरणीने लावूच नये.

आता नखांचे. वरून लावलेली नखे साताऱ्याला नवी नाहीत! १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी हातात वाघनखे धारण केली होती, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली, तेव्हा ती पाहायला लोक लोटले. तीही लावलेलीच नखे. पण ती कामापुरती होती, काम झाले की उतरली. हाताला अडवील ते नख आणि हाताच्या उपयोगी पडेल ते नख, हा भेद ध्यानात ठेवावा.

दुसरा दृष्टांत पुण्याचा. श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापली नाहीत. ती ६६ वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये न्यूयॉर्कला कापली. पाच नखे मिळून लांबी भरली नऊ मीटरांहून अधिक. जगाच्या विक्रमात नोंद झाली. त्यांच्या चिकाटीला आमचा नमस्कार, पण त्या हाताची बोटे कायमची जखडली. नख वाढले आणि हात गेला.

हात कशाला हवा? टाळ धरायला, मृदंगावर थाप द्यायला, तुळशीची मंजिरी खुडायला, भाकरी थापायला, विठ्ठलाच्या पायांवर ठेवायला. भिलारच्या रानात बाया फळाला धक्का न लावता स्ट्रॉबेरीचा देठ खुडतात, ते आखूड नखांच्या बोटांचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की, रोग्याला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत, स्वतःचीही अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावीत. नखाखाली रोगजंतू राहतात, धुऊन जात नाहीत. जो नियम रोग्याच्या सेवेला, तो पंगतीच्या पिठाला का नको?

पण श्रोतेहो, दंड एकीकडेच पडू नये. नात पापणी लावते, तर आजोबा मिशीला कलप लावतात. फरक फक्त दुकानाचा! धोतराची घडी मोडेल म्हणून मातीत लोटांगण न घालणारे बुवाही आम्ही पाहिले आहेत. तिचे नख दिसते, आपला अभिमान दिसत नाही, एवढेच.

आणि कान्होपात्रा आठवा. मंगळवेढ्याच्या शामा नायकिणीची लेक. रूप असे की बिदरच्या बादशहाने मागणी केली. ती वारकऱ्यांसवे पंढरीस आली आणि देवाच्या पायी देह ठेवला. राउळातला तरटीचा वृक्ष तिची खूण सांगतो. त्या वारकऱ्यांनी तिला वाटेत अडवून "आधी पायांतले चाळ काढ" म्हटले असते, तर आज आपण कोणाची कथा सांगितली असती?

तेव्हा आमचा निर्णय असा. मुलीने मागितली तर माळ घालावी, त्याच दिवशी घालावी. मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, हरिपाठ, वारी, हे माळेचे नियम तिला सांगावेत. त्यांत नखाचा नियम नाही. पोटासाठी कोणाला नटावे लागते, त्यालाही नावे ठेवू नयेत. मात्र प्रेमाने तीन गोष्टी कानावर घालाव्यात. जिवाच्या केसांची पापणी नको. पंगतीच्या सेवेला आणि देवाच्या पायांना हात लावताना नखे आखूड असावीत. कीर्तनाला बसताना डोळे मोकळे असावेत, म्हणजे पाणी आले तर येऊ द्यावे. एवढे सांगून गप्प राहावे. नामाची गोडी लागली की काय ठेवायचे नि काय टाकायचे, हे तिचे तिला कळेल. आणि आजीबाईंनी आजच तिच्याशी बोलावे, एकादशीची वाट पाहू नये.

रामकृष्णहरि!