खापरपणजोबांची येणी-देणी

बँकेत मी ज्या टेबलावर बसतो त्याला आम्ही आपापसात ‘वैकुंठ’ म्हणतो. मयत खातेदारांचे दावे तिथे येतात. या टेबलाने मला मनुष्यस्वभावाचं जे ज्ञान दिलं, ते बी.कॉम.च्या तीन वर्षांत (मला ती चार लागली) कुणी दिलं नव्हतं. कैलासवासी गृहस्थ मुदत ठेव ठेवून गेले असतील तर वारस इतके येतात की खुर्च्या पुरत नाहीत. तेच कर्ज ठेवून गेले असतील तर सख्खा मुलगासुद्धा सांगतो, “तसा त्यांचा-आमचा फारसा संबंध नव्हता हो!”

हे आठवायचं कारण आमची भाचेसून. भाचा टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला असतो आणि त्याने तिथलीच मुलगी केली आहे. तिच्या माहेरची माणसं मूळची शेतकरी, फ्रान्सच्या अल्सास प्रांतातली. सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर मेदिना नदीकाठी कॅस्ट्रोव्हिल नावाचं गाव आहे. आंरी कास्त्रो नावाच्या माणसाने ते १८४४ साली वसवलं. १८४३ ते १८४७ या काळात त्याने २७ जहाजं भरून ४८५ कुटुंबं आणि ४५७ सडे पुरुष टेक्सासात आणले. त्यांतले पुष्कळसे अल्सासचे. त्यांच्यातच आमच्या भाचेसुनेच्या खापरपणजोबांचे आजोबा होते. त्यांची वंशावळ तिला जुळवायची होती. भाच्याने तिला सांगितलं, “मामांना विचार. ते बँकेत आहेत, त्यांना जुन्या वह्यांची सवय आहे.” मला फ्रेंच येत नाही, ही बाब त्याला किरकोळ वाटली असावी.

पण खरंच ती किरकोळ निघाली. फ्रान्समध्ये १७९२ पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद सरकारी वहीत होते, आणि तिथल्या जिल्ह्यांच्या दप्तरखान्यांनी ही रजिस्टरं इंटरनेटवर फुकट बघायला ठेवली आहेत. सरकारी मजकूर कुठल्याही भाषेत असला तरी ठरावीकच. वीस नोंदी पाहिल्या की एकविसावी आपोआप वाचता येते. रोज रात्री जेवण झालं की मी डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावरून अल्सासच्या खेड्यात जायला लागलो.

या नोंदींत बाईचं नाव लग्नानंतरही माहेरचंच लिहितात, मरेपर्यंत. त्यामुळे आजीची आजीसुद्धा बिनचूक सापडते. हे मी कौतुकाने आमच्या सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आणि आमचं? ताटात तांदूळ पसरून तुम्ही अंगठीने नवीन नाव लिहिलंत, की जुनं खातं बंद! उद्या मला कुणी शोधायला आलं तर सापडणार आहे का मी?” मी पुढचं पान उघडलं.

पुढच्या पानावर मूळपुरुष सापडले. जन्मतारीख होती थर्मिदोर महिना, वर्ष १३. राज्यक्रांतीनंतर फ्रेंचांनी पंचांगच नवं केलं होतं. ते १८०५ अखेर मोडीत निघालं, पण तोवर जन्मलेल्यांची पंचाईत करून गेलं. हिशेब मांडला, तर गृहस्थ १८०५ च्या उन्हाळ्यात जन्मलेले. लग्नाच्या नोंदीखाली ‘सही करता येत नाही असे सांगितले’ असा शेरा. ते वाचून भाचेसुनेचा गळा भरून आला. तिच्या आजोबांच्या नावाने तिकडे शाळेत वाचनालय आहे.

त्यांनी गाव का सोडलं? १८०४ च्या फ्रेंच दिवाणी कायद्याने बापाच्या मालमत्तेत सगळ्या मुलांना सारखा वाटा दिला. न्याय उत्तम, पण जमीन काही मुलांच्या संख्येने वाढत नाही. सहा भावंडांत वाटणी होऊन यांच्या हाती जी चिंधी आली, तिच्यात नांगर वळवायचा म्हणजे बैल शेजारच्या शेतात उभे करावे लागले असते. अशा माणसाला कास्त्रो सांगत होता, कुटुंबवाल्याला ६४० एकर, सड्याला ३२०. ६४० एकर म्हणजे पुरा एक चौरस मैल. गुंठ्यांत सांगायचं तर २५,६००! कुणाचं डोकं फिरणार नाही?

मागे राहिलेल्या भावाचं घर जागचं हललं नाही, पण १८७१ साली ते जर्मनीत गेलं, १९१८ ला फ्रान्समध्ये परत आलं, १९४० ला पुन्हा जर्मनीत आणि १९४५ पर्यंत पुन्हा फ्रान्समध्ये. गेलेल्या भावाची तऱ्हा तीच. तो उतरला टेक्सास नावाच्या स्वतंत्र देशात. लवकरच तो अमेरिकन झाला, १८६१ ला बंडखोर दक्षिणेकडचा आणि १८६५ ला पुन्हा अमेरिकन. १८४८ चा दुष्काळ, टोळधाड, १८४९ चा कॉलरा, यांतून तगला आणि त्याने दगडी घर बांधलं.

इथवर सगळं जमेच्या बाजूला होतं. पण बँकेतल्या माणसाला खोड असते. एक चौरस मैल जमीन यांच्या खात्यात जमा झाली, ती कुणाच्या नावे टाकून? कागदावर उत्तर सोपं आहे: टेक्सास सरकारने दिली. पण त्या मुलखात आधीपासून कोमांची आणि लिपान अपाची लोक वावरत होते, शिकार करत होते. त्यांनी वसाहतीवर हल्ले केले ते सगळे लिहिलेले आहेत. त्यांना कुणी विचारलं, त्याची नोंद नाही. १८५९ साली टेक्सासातल्या राखीव वस्त्यांवरच्या मूळ रहिवाशांना आजच्या ओक्लाहोमात नेऊन सोडलं. १८५० च्या अमेरिकन जनगणनेत स्वतंत्र माणसांची नावानिशी मोजणी झाली, पण कर न भरणारे हे मूळ रहिवासी त्यात धरायचेच नाहीत, असा हुकूम होता. यांच्या खापरपणतीला थर्मिदोरपर्यंत पोचता येतं. त्यांच्या खापरपणतीने कुठलं पान उघडायचं?

मी हे जरा भीतभीतच कळवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग तिचाच फोन आला. घराण्याचं संमेलन भरणार होतं, तिथे तक्ता लावायचा होता, आणि चुलतभाऊ म्हणत होता, “जुनं उकरून काय मिळणार? आपण थोडंच कुणाला हाकललं?”

“मामा, त्याचं बरोबर आहे ना?”

बरोबरच आहे. पण मग, मी विचारलं, तो दुष्काळ आपण कुठे सोसला? दगडी घर आपण कुठे बांधलं? ती हसली. म्हणाली, संमेलनासाठी ‘१८४४ पासून’ असं छापलेले टी-शर्ट करायची कल्पना त्या भावाचीच आहे.

माझ्या टेबलावरची ही नेहमीचीच केस. ठेवीला वारस, कर्जाला लांबचे. आपल्याकडे बापाचं कर्ज मुलाने, नातवाने, पणतवानेसुद्धा फेडणं हे धर्मकर्तव्य मानत. २००५ च्या दुरुस्तीने तेवढ्या कारणासाठी नव्या कर्जाची वसुली थांबली, आणि ते योग्यच झालं. सात पिढ्यांचं ओझं घेऊन कुणी जन्माला येऊ नये. पण ज्या फ्रेंच कायद्याने या माणसाचं शेत चिंधीएवढं केलं, त्यातच एक शहाणपणाची सोय आहे. वारसाला तिथे तीन वाटा: सगळं घ्या, कर्जासकट, सगळं सोडा, घरासकट, किंवा आधी मालमत्तेची आणि देण्यांची नीट यादी करा आणि मगच हो म्हणा. मग देणं लागतं ते मिळालेल्या मालाइतकंच, त्यापलीकडे नाही. येणं घेऊन देणं सोडायची चौथी वाट मात्र नाही. मला वाटतं, वंशावळ म्हणजे हीच यादी. लाज वाटून घेण्यासाठी ती करायची नाही आणि मिरवण्यासाठीही नाही. आपल्या हाती काय आलं आणि ते कुठून आलं, एवढं ठाऊक असावं म्हणून करायची.

भाचेसुनेने तक्त्यावर मूळपुरुषाच्या नावाखाली ‘६४० एकर’ लिहिलं, आणि त्याखाली त्याच अक्षरात, ‘यापूर्वी: कोमांची, लिपान अपाची’. चुलतभाऊ फुरंगटला. एक म्हातारी आत्या मात्र बराच वेळ वाचत उभी राहिली आणि जाताना तक्त्याची प्रत मागून घेऊन गेली.

हे मी सौ.ना मोठ्या ऐटीत सांगितलं. त्या घंगाळ घासत होत्या. तांब्याचं, वजनदार, पणजोबांपासून आमच्या घरात आहे. पणजोबा थोडीफार सावकारी करत.

“यावर नाव कोरलंय ते कुणाचं हो?” त्यांनी विचारलं. “आडनाव आपलं नाही.”

लहानपणापासून मी ते नाव पाहत आलो आहे. आजवर मी समजत होतो, कासाराने चुकून कोरलं असेल.