अर्ध्यावर ठेवलेला पाय

झिजण्याचा विषय निघाला की आपल्याला हटकून चंदन आठवते. दुसऱ्यासाठी झिजावे आणि झिजताना सुगंध द्यावा, हा आदर्श आपल्या मनात फार खोल रुजला आहे. परंतु झिजण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यातून सुगंध नव्हे, जळका वास येतो. खडकाळ चढावर गाडीची क्लच प्लेट जळू लागते, तेव्हाचा हा वास. ही झीज कोणाच्या कामी येते, हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे.

उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे घेत असते आणि चाके मात्र स्थिर असतात. या दोहोंची एकदम गाठ घातली तर इंजिन बंद पडते. ही गाठ हळुवार पडावी म्हणून मध्ये क्लचची योजना असते. पायाखालचा क्लच पूर्ण दाबला की प्लेट मोकळी होते. पूर्ण सोडला की ती फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट आवळली जाते आणि त्यांच्यासह फिरते. या दोन्ही अवस्थांत तिची झीज जवळजवळ होत नाही. झीज होते ती मधल्या अवस्थेत, पाय अर्ध्यावर असताना. तेव्हा प्लेट घसरत राहते आणि इंजिनाच्या शक्तीचा काही भाग चाकांपर्यंत न पोहोचता उष्णता होऊन वाया जातो.

सरळ रस्त्यावर ही घसरण क्षणादोनक्षणांची असते. चिखलात, वाळूत, दगडगोट्यांत मात्र चालक बिचकतो. त्याला पुढे जायचे असते, पण वेग नको असतो. म्हणून पाय अर्ध्यावरच रेंगाळतो. वास्तविक संथ जाण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध असतो. अशा वाटांसाठी बनलेल्या गाड्यांना 'लो रेंज'चे जादा गिअर असतात. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये हे प्रमाण १.९७ ला १ होते. म्हणजे चाकांचा वेग जवळपास निम्मा आणि ओढ जवळपास दुप्पट. हा गिअर घालून क्लचवरचा पाय पूर्ण काढून घेतला की गाडी मुंगीच्या पावलांनी, पण ठामपणे चढते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच संथ दिसतील. एक निश्चयाने संथ असते, दुसरी अनिश्चयाने. आणि प्लेट फक्त दुसरीची जळते.

यावर कोणी म्हणेल की संसार तडजोडीवाचून चालत नाही आणि बुद्धाने तर मध्यम मार्गच सांगितला. हा आक्षेप अर्धा खरा आहे. घसरणीवाचून गाडी जागची हलणारच नाही. तडजोडीत मुळीच पाप नाही. पण मध्यम मार्ग हा मार्ग आहे, त्यावर पूर्ण पाऊल टाकून चालावे लागते. त्याची तुलना करायचीच तर ती 'लो रेंज'शी करावी. अर्धा दाबलेला क्लच हा उंबरठा आहे. उंबरठा ओलांडायचा असतो, त्यावर बिऱ्हाड थाटायचे नसते.

मग शंकेला जागा कोठे? गोव्यात कुळेहून दूधसागरकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर जीपगाड्यांना ओढे पार करावे लागतात. अशा ठिकाणचा नियम जुना आहे: काठावर थांबावे, पाण्याचा अदमास घ्यावा, गिअर तेथेच ठरवावा आणि मग मध्ये क्लच न दाबता पलीकडे जावे. खोल पाण्यात क्लच दाबला तर प्लेटच्या फटीत पाणी शिरून ती घसरू लागण्याचा धोका असतो. अर्जुनानेही आपल्या शंका युद्धास तोंड लागण्यापूर्वी, दोन्ही सैन्यांमध्ये रथ उभा करवून विचारल्या होत्या. शंका घेणे हा दोष नव्हे. उभ्या रथात ती विवेक असते. निर्णय न घेताच ओढ्यात शिरल्यावर तीच शंका घात करते.

येथे खरा नैतिक मुद्दा पुढे येतो. अनिश्चय चालकाच्या मनात असतो आणि झीज मात्र प्लेटची होते. चालकाचा पाय दुखतो, एवढेच. एखाद्या शिक्षकाला वर्षानुवर्षे हंगामी ठेवणारी संस्था त्याला कायमही करत नाही आणि मोकळेही करत नाही. वृद्ध आईने कोणाकडे राहायचे, हे भाऊ ठरवत नाहीत, आणि ती माउली पिशवी भरून दोन घरांमध्ये फिरत राहते. स्थळाला होकारही न देणारी आणि नकारही न कळवणारी मंडळी आपल्या परिचयाची आहेतच. हे सारे स्वतःला समंजस, सबुरीचे समजतात. कोणाला दुखवले नाही, असे त्यांना मनापासून वाटते. मधल्या माणसाचे जळणे त्यांच्या हिशेबात येतच नाही, कारण ते जळणे झाकणाआड, आवाज न करता चालते.

कधी प्लेट जाळावीही लागते. चिखलात रुतलेल्या गाडीत अत्यवस्थ रुग्ण असेल, तर तिची पर्वा कोणी करू नये. पण तो जाणूनबुजून केलेला खर्च असतो आणि त्यात चंदनाचा थोडा अंश असतो. आपल्याला निर्णय घेववत नाही म्हणून दुसऱ्याला झिजवणे, याला मात्र त्याग म्हणता येत नाही. सोसणाऱ्याने तोंडातून ब्र काढला नाही, तरीही नाही.