आठवण कुणाकडे ठेवायची?

१९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये बसून जी सीक्वेल मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते डेटाबेस बघेल, असा तिचा खाक्या. ज्युपिटर नोटबुकचा स्वभाव उलटा. तिथे एकेक सेल चालवायचा आणि आधी काय ठरलं ते धरून पुढे सरकायचं. दोघांची सोयरीक जुळवणं मात्र सोपं आहे. ज्युपीएसक्यूएल हे पॅकेज पिपने बसवायचं, नोटबुकमध्ये लोड करायचं, डेटाबेसचा पत्ता द्यायचा. मग सेलमध्ये क्वेरी लिहिली की उत्तराचं टेबल लगेच खाली उमटतं.

अडचण त्यानंतरची. नोटबुकवाल्यांचं एक सोवळं असतं: कर्नल (सेल चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करा, सगळे सेल वरून खाली पुन्हा चालवा, तेच उत्तर आलं तर काम खरं. एसक्यूएल आली की हे सोवळं अर्धंच पाळलं जातं. कर्नल सगळं विसरतो. बाहेरचा डेटाबेस काहीच विसरत नाही. क्रिएट टेबलचा सेल दुसऱ्यांदा चालवला तर ‘टेबल आधीच आहे’ अशी एरर येते. ती परवडली. इन्सर्टचा सेल, टेबलाला प्रायमरी की नसेल तर, त्याच ओळी निमूटपणे पुन्हा भरतो आणि खालच्या सेलमधली बेरीज फुगते. नोटबुक तर वाचायला निर्मळच दिसतं!

म्हणून शिकणाऱ्याने अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मलेला डकडीबी हा डेटाबेस घ्यावा आणि तो मेमरीतच चालवावा, असं माझं मत. तो सीएसव्ही फाइल थेट वाचतो आणि कर्नलबरोबर सगळं पुसलं जातं, त्यामुळे दर वेळी पाटी कोरी. ऑफिसच्या पोस्टग्रेसला जोडायचंच असेल, तर फक्त वाचण्याची मुभा असलेला यूजर मागून घ्यावा.

आणखी एक आठवण नोटबुकच्या फाइलमध्ये असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. सेल आणि त्यांची उत्तरं एकत्रच सेव्ह होतात. कनेक्शनच्या ओळीत पासवर्ड लिहिला असेल, तर फाइल मेल करताना तोही जातो. ग्राहकांची नावं छापली असतील, तर तीही. सगळी उत्तरं पुसून पाठवणं हा सावध उपाय खरा, पण प्रश्नाशेजारी उत्तर दिसावं म्हणून तर नोटबुक घेतलं! मी बेरजा आणि सरासरी राहू देईन, माणसांच्या ओळी पुसेन, आणि पासवर्डला नोटबुकमध्ये मुळीच जागा देणार नाही.