गोष्ट कोणाची?

जुन्या दिल्लीचे अखेरचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली निवर्तले. अमीर हमजाच्या दास्तानीतील तिलिस्म, अय्यार आणि रणसंग्राम ते केवळ वाणीने आणि हातवाऱ्यांनी उभे करीत. पडदा नव्हता, रंग नव्हते. चित्र ज्याचे त्याने आपल्या मनात काढायचे. याच दिल्लीत २००५ साली ही कला पुन्हा मंचावर आली, तेव्हाही पांढरा पोशाख आणि शब्द एवढीच तिची सामग्री होती.

पुढच्याच वर्षी जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांचा ‘द फॉल’ हा चित्रपट प्रथम दाखवला गेला. वरकरणी तो या साधेपणाचे दुसरे टोक. वीसहून अधिक देशांत चित्रित झालेला. फतेहपूर सिक्री, ताजमहाल, आभानेरीची चांद बावडी यांनी नटलेला. या झगमगाटापुढे आशय तोकडा पडतो, असे पुष्कळ समीक्षकांना वाटले. परंतु हा देखावा कोणाच्या डोळ्यांतला, हे ध्यानी घेतले की तो आक्षेप बराचसा गळून पडतो.

काळ मूकपटांचा. लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात, चित्रपटासाठी धाडसी उडी घेताना पाय लुळे पडलेला रॉय, हात मोडलेल्या पाच वर्षांच्या अलेक्झांड्रियाला गोष्ट सांगतो. तो ‘इंडियन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमेरिकेतला मूळ रहिवासी असतो. मुलीला मात्र संत्र्यांच्या बागेत राबणारा हिंदुस्थानी माणूस तेवढा ठाऊक, म्हणून पडद्यावर अवतरतो तो हिंदुस्थानी योद्धा. शब्द त्याचे, दृश्य तिचे.

रॉयला मात्र गोष्टीचे सोयरसुतक नाही. प्रेमभंगाने खचलेल्या त्याला मरायचे आहे, आणि मुलीने औषधांच्या खोलीतून मॉर्फीन चोरून आणावे यासाठी गोष्ट हे आमिष आहे. शहरजाद जगण्यासाठी गोष्ट अर्धी सोडते, रॉय मरण्यासाठी. श्रोत्याला गुंतवून ठेवणे हा तर कथेकऱ्याचा धर्मच. मग गुंतवणे आणि वापरणे यांतली सीमा कोठे? हेतू शुद्ध असला की झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण ऐकणाऱ्या मुलाला सांगणाऱ्याचा हेतू दिसत नसतो. त्याच्यापाशी विश्वास तेवढा असतो.

गोळ्या आणायला पुन्हा गेलेली अलेक्झांड्रिया कपाटावरून पडते; डोक्याला जबर दुखापत होते. अपराधाने पोळलेला रॉय आता एकेक पात्र मारू लागतो. मुलगी रडून विरोध करते. गोष्ट माझी, हे त्याचे म्हणणे. माझीही, हे तिचे. न्याय तिच्या बाजूला आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो. आजीच्या गोष्टीलाही नातवाचा हुंकार लागतो. ज्याने अवधान दिले, त्याने गोष्टीत आपले काही घातलेले असते. त्याला बाजूला सारून शेवट ठरवण्याचा एकट्या वक्त्याला कसला अधिकार?

अखेर रॉय आपल्या डाकूला, म्हणजे स्वतःलाच, पाण्यातून वर येऊ देतो. जगण्याची ओढ त्याला तेव्हाही पुरती लागलेली नसते. तिला ते मरण सोसवत नाही, एवढेच त्याला कळलेले असते.