ज्याचा त्याला देव

'ज्याचा त्याला देव' असे म्हटले की आपण मोठे उदार झालो, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. त्यात उदारपणा किती आणि बेपर्वाई किती, हा प्रश्न मला वसईच्या एका ख्रिस्ती शिक्षकमित्रांमुळे पडला.

संत पौलाच्या मार्गाने निघालेल्या एका यात्रेबरोबर ते ग्रीसमधल्या करिंथला जाऊन आले. "अहो, पौल तिथे दीड वर्ष राहिला, आणि आम्ही दीड तास!" असे हसत म्हणाले. पण तेवढ्यात त्यांनी पाहायचे ते पाहिले. अपोलोच्या देवळाचे उभे राहिलेले सात खांब, मागे डोंगरी किल्ला, आणि जुन्या बाजारपेठेतला न्यायासनाचा दगडी चौथरा. तंबू करून पोट भरणाऱ्या पौलाला इ. स. 51 च्या सुमारास रोमन सुभेदार गल्लियोपुढे उभे केले, ते इथे. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. पौल शास्त्राविरुद्ध भक्ती शिकवतो, अशी फिर्याद होती. पौलाने तोंड उघडण्याआधीच गल्लियोने निकाल दिला : शब्दांची नि नावांची ही भांडणे तुमची तुम्ही पाहा. पौल सुटला. मित्रांनी त्या जागी हात जोडले.

मला मात्र या कथेचा पुढचा भाग सोडवत नाही. जमावाने सभास्थानाचा प्रमुख सोस्थनेस याला धरून त्याच चौथऱ्यासमोर मारले, आणि गल्लियोने तिकडे लक्षही दिले नाही. पौलाला सोडणारा आणि सोस्थनेसला मार खाऊ देणारा गल्लियो एकच. ज्याला कुणाच्याच देवाशी कर्तव्य नाही, त्याला कुणाच्या पाठीवरच्या वळांशीही नसते.

मित्र मळवलीला आले तेव्हा त्यांना कार्ल्याची लेणी दाखवली. वाटेत एकवीरा आईच्या नवसाला आलेल्या कोळी बांधवांची रीघ. देवळाला लागूनच दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध चैत्यगृह. सव्वाशे फूट खोल, वर लाकडी कमानी अजून शाबूत. आतल्या खांबांपैकी काहींवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक. हे खरोखर ग्रीकच होते का, यावर पंडितांचा वाद आहे, कारण नावे इथली वाटतात. एकाचे नाव सिहधय. नाव इथले, पण पुढे 'यवन' लिहायला तो लाजला नाही.

हे खांब बाहेरून आणून उभारलेले नव्हेत. सारे एकाच डोंगरातून कोरलेले. तेव्हा यवनांनी दिली असेल ती कोरण्याची मजुरी. त्यात पुण्याचा लोभ असेल, व्यापाऱ्याचा हिशेबही असेल. असो बापडा! 'तुमचे तुम्ही पाहा' म्हणून तो पायथ्याशी थांबला नाही, एवढे खरे.

मित्र म्हणाले, "दान देणे वेगळे, आणि जमावापुढे उभे राहणे वेगळे." ते बरोबरच आहे. सिहधय त्या चौथऱ्यापाशी असता तर पुढे झाला असता, असे त्या खांबावर कुठेही लिहिलेले नाही.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभी पौलाने आपल्या जोडीला सोस्थनेस नावाच्या एका बंधूचे नाव घातले आहे. तो मार खाल्लेलाच सोस्थनेस का, हे ठरलेले नाही. माझे मित्र मात्र तो तोच, असे धरून चालतात.